ससेरावांना बघायला आलेली औषधं

एका जंगलात भीती सगळ्यांनाच वाटायची, पण तिच्यावर औषध घेणारे ससेराव एकटेच होते.

पान हललं की त्यांच्या छातीत धडधडायचं. नाही हललं, तर का हललं नाही म्हणून धडधडायचं. शेवटी करकोचा डॉक्टरांनी त्यांना रात्री घ्यायची एक गोळी लिहून दिली.

"दुसरं काही औषध? मद्य वगैरे?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे छे!" ससेराव म्हणाले.

ते खोटं बोलत नव्हते, बाळांनो. त्यांच्या मते डॉक्टर देतात तेवढंच औषध. बाकी सगळी आपुलकी.

त्या जंगलात एक फार चांगली पद्धत होती. आजाऱ्याला बघायला रिकाम्या हाताने जायचं नाही. आता फळं काही कुणाच्या घरात उरत नाहीत. औषधं उरतात.

माकडीणकाकू खोकल्याच्या औषधाची अर्धी बाटली घेऊन आल्या. "खोकला नसला तरी घ्या. मला तर याने काय छान गुंगी येते!"

साळिंदरभाऊंनी झोपेचं चूर्ण आणलं. "झाडपाल्याचं आहे. याने कधी कुणाला अपाय झालाय?"

अस्वलमामांनी मोहाची बाटली काढली. "दारू नव्हे जावईबापू, फुलांचा अर्क आहे."

नको म्हणायची सोय नव्हती. नको म्हटलं की लगेच, "आमचं कशाला चालेल तुम्हाला!" या वाक्याला ससेराव वाघापेक्षा जास्त भ्यायचे. त्यांनी सगळ्यांचं मन राखलं आणि वर डॉक्टरांची गोळी घेतली.

सकाळी ससेवहिनी उठवायला गेल्या, तर ते उठेनात. श्वास अगदी सावकाश, मध्येच थांबत चालला होता. वहिनी रडत रडत डॉक्टरांना घेऊन आल्या.

"काय दिलंत यांना?"

"तुमची गोळी."

"आणखी?"

"औषध काहीच नाही हो. नुसतं खोकल्याचं, थोडं चूर्ण आणि मामांचा अर्क."

डॉक्टरांची चोच उघडीच राहिली. "अहो, हे सगळंच गुंगी आणणारं! एकत्र पोटात गेलं तर श्वास बंद पडतो!"

बऱ्याच खटपटीनंतर ससेरावांनी डोळे उघडले. डॉक्टर निघताना म्हणाले, "मला विचारल्याशिवाय दुसरं काही द्यायचं नाही. आणि घाबरून माझी गोळीही एकदम बंद करू नका. त्याने झटके येतात."

बातमी कळताच मंडळी पुन्हा बघायला आली.

"डॉक्टरांच्या गोळीबरोबर इशाऱ्यांचा हा एवढा कागद येतो," माकडीणकाकू म्हणाल्या. "मामांच्या बाटलीवर एक तरी इशारा आहे का? मग घातक काय, तुम्हीच सांगा!"

सगळ्यांना पटलं. मला वाटतं, ससेरावांनाही पटलं.

"तर मग गोळी बंद आणि हे सुरू," असं म्हणत अस्वलमामांनी नवी बाटली पुढे केली. ससेराव पडले भिडस्त. त्यांनी हात पुढे केलाच.

ससेवहिनींनी मधल्यामध्ये बाटली काढून घेतली आणि बिळाबाहेर ओतून दिली.

"मामा, यापुढे यायचं तर हात हलवत या. नाहीतर येऊ नका."

ससेराव वाचले. गोळी डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे घेतात आणि आता पान हललं तर नुसतं बघतात. ससेवहिनींना मात्र त्या जंगलात अजून कुणी हळदीकुंकवाला बोलावत नाही.

तात्पर्य: आजाऱ्याला बघायला आलेल्यांचं मन कधीही मोडू नये. आजारी माणूस गेला तर चार दिवस रडून भागतं. नातेवाईक दुखावले तर जन्मभर ऐकून घ्यावं लागतं.