साबण शिजवायच्या डब्याचा तपास

‘मी हवालदार लालासाहेब, निवृत्त. सतरा वर्षं सरहद्दीवर पहारा केला, तिथून मुंगीसुद्धा आत आली नाही. निवृत्तीनंतर कराड तालुक्यात अकरा प्रकरणं हाताळली. त्यांतली नऊ अजून तपासावर आहेत, कारण खरा गुप्तहेर घाई करत नाही. माझी नजर घारीची, कान हरणाचे आणि नाक...’

इथे मामंजींना शिंक आली. चार दिवस सर्दी आहे. नाकाचं राहूनच गेलं.

वरचा मजकूर त्यांनी सांगितला, मी उतरवून घेतला. मी उत्कर्षा, त्यांची सून आणि बिनपगारी सहायक. माझी समीक्षा सात महिन्यांची. ती झोपली की मी एकतर साबण करते, नाहीतर मामंजींचे तपास लिहिते. दोन्हींत फेस बराच निघतो.

साबण मी शिजवून करते. खोबरेल तेलात कॉस्टिक सोड्याचं पाणी घालायचं, घोटायचं, मंद आचेवर तासभर शिजवायचं. एका घाण्यात आठ साबण. अवघड असतं ते भांडं. जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, चालत नाही, सोडा ते खातो. पहिल्याच दिवशी दुधाचं पातेलं काळंठिक्कर करून मी हे शिकले. मामंजींनी ते प्रकरण ‘घातपात’ म्हणून नोंदवलंय. भांडं स्टीलचं हवं. उभं हवं, कारण साबणही उतू येतो. आणि कुकरमधल्या पाण्यात बसेल इतकं बारकं हवं. आमच्याकडे भांडी दोनच मापांची: जत्रेला चाळीस माणसांचं मटण शिजेल अशी, आणि समीक्षाची वाटी.

शोधून शोधून फळीच्या कोपऱ्यात एक उभा डबा सापडला. कुकरमध्ये असा बसला, की मी त्याची दृष्ट काढायचीच बाकी ठेवली.

लोणंदच्या दीपमालाताईंनी हळदीकुंकवाला वाण म्हणून चोवीस साबण सांगितले होते. माझी पहिलीच ऑर्डर. सोळा झाले. उरलेले आठ शुक्रवारी करायचे आणि शनिवारी सकाळच्या रेल्वेनं ह्यांनी ते पोचवायचे, असं ठरलेलं. शिवाय एक धाकधूक होती. साबणात कच्चा सोडा राहिला तर जिभेला लावल्यावर चरचरतं. ती परीक्षा घ्यायला मी धजत नव्हते.

शुक्रवारी सकाळी बघते तर फळीवर डबा नाही. सासूबाई पहाटेच रानात गेलेल्या.

मामंजींनी फळीवरच्या धुळीतला गोल टेपनं मोजला.

“चोर डावखुरा हाय.”

“कशावरून?”

“डबा डाव्या कोपऱ्यात व्हता.”

पहिला संशय भंगारवाल्यावर. त्याला फोन लावला. तो म्हणाला, “हवालदार, महिनाभर तुमच्याकडं आलोच न्हाई. तुमच्यात भंगार घावत न्हाई, तुमी सगळं पुरावा म्हणून ठेवता.”

दुसरा संशय साबणाच्या एका बड्या कंपनीवर. माझ्या सोळा साबणांनी ती हादरली असावी. तिचा फोन लागला नाही, त्यामुळे संशय पक्का झाला.

तिसरा, शेजारच्या तात्याबावर. त्याच्या दोन म्हशी, दुधाचा रतीब. “दुधाला माप लागतंय,” मामंजी म्हणाले आणि निघाले. मी समीक्षाला कडेवर घेऊन मागे.

“या हवालदार,” तात्याबा म्हणाला. “आज काय चोरलं म्या?”

“ते तू सांगायचं.”

“मागल्या खेपंला तुमचा चष्मा चोरलावता. तुमच्याच डोक्यावर घावला.”

“विषय बदलू नगं. डबा कुठाय?”

“बसा तर खरं. तोंड गोड करा.”

त्यानं आतून ताटली आणली. खोबऱ्याच्या वड्यांसारखे पांढरे चौकोनी तुकडे. ते मी ओळखले. साबणांच्या कडा मी तशाच कापते. पुढच्या घाण्यात वितळवायला त्या डब्यातच भरून ठेवल्या होत्या. मी तोंड उघडेपर्यंत मामंजींनी दोन तुकडे तोंडात टाकलेसुद्धा.

ते चावत राहिले. मग ओठांच्या कडेनं फेस आला.

“इख,” ते फेसातून म्हणाले. “घातलं मला इख.”

“घालतंय कोन?” बनुबाई, तात्याबाची बायको, आतून डबा घेऊनच आली. “तुमच्याच घरनं आल्यात. काल सांजच्याला तुमच्या मालकीणबाई दिऊन गेल्या.”

“मग तुमी खाल्ल्या का न्हाईत?”

“वास जरा निराळा आला,” तात्याबा म्हणाला. “म्हटलं, आधी हवालदार खाऊ द्यात. सरहद्दीवर पुढंच असायचे.”

तेवढ्यात वैरणीचा भारा घेऊन सासूबाई आल्या आणि सगळं प्रकरण भारा खाली टाकता टाकता मिटवलं. “आवं, दिवाळीत बनुबाईची म्हस व्याली, तवा ह्या डब्यातनं चीक आलावता. चिकाचा डबा रिकामा द्यायचा व्हय? ऱ्हायला तसाच. काल बघते तर पांढऱ्या वड्यांनी भरलेला. म्हटलं, सुनंला शानपन आलं. आले दिऊन.”

माझं लक्ष मामंजींच्या तोंडाकडे होतं.

“मामंजी, जीभ चरचरली का?”

“न्हाई. नुसता फेस.”

“नीट आठवा. झोंबलं? टोचलं?”

“न्हाई म्हणतोय न्हवं.”

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. सोळाच्या सोळा साबण पास झाले होते.

राहिला डबा. मी मागितला तर बनुबाईनं आधी त्यात डोकावून बघितलं. “देते गं. पर रिकामा कसा देऊ?”

“कधी द्याल मग?”

“दुसरी म्हस गाभण हाय. चैतात व्याली म्हंजे देते.”

दुपारचे दोन वाजलेले. रेल्वे चैत्रातली नव्हती. मी समीक्षाला उगाच थोपटत राहिले, ती रडत नसतानाही.

बनुबाईनं माझ्याकडे बघितलं, मग ताटलीकडे. उरलेले तुकडे परत डब्यात ओतले, झाकण दाबलं आणि डबा माझ्या हातात दिला. “घे. भरलेला हाय. आन् आता साबनाचाच झालाय तो, त्यात परत दूध नगं. ठेव तुझ्याकडंच.”

झाकणावर ठिपक्यांनी कोरलेलं होतं, सौ. बनुबाई तात्याबा. दोन घाणे झाले तरी मी ते वाचलं नव्हतं. मामंजींनीही नाही.

संध्याकाळी समीक्षा सासूबाईंच्या मांडीवर झोपली आणि शेवटचे आठ साबण झाले. पाचव्यांदा चूळ भरून मामंजी स्वयंपाकघराच्या दारात आले.

“लिही, बारावं प्रकरण निकालात निघालं.”

“लिहिलं.”

“आन् वर माझ्या वर्णनात नाकाचं ऱ्हायलंय न्हवं?” त्यांनी घसा साफ केला. “तिथं जीभ घाल.”