मोटारसायकलची हिवाळी तयारी आणि गेरलिंडेचा खुबा

यंत्र चालवलं तर झिजतं आणि नाही चालवलं तर गंजतं. या दोन्ही संकटांतून मार्ग काढण्यासाठी मनुष्यजातीने आजवर जे उपाय केले, त्यांत आमच्या लाउखबाख गावच्या मोटारसायकल प्रवासी मंडळाचं कार्य सर्वांत मोलाचं आहे, असं मी मंडळाचा चिटणीस या नात्याने पूर्ण निःपक्षपातीपणे सांगू शकतो.

मंडळाचे त्रेचाळीस सभासद आहेत. प्रत्येकाकडे लांबच्या प्रवासाची, दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या लावलेली अवजड गाडी आहे. आमच्या भागात रस्त्यावर बर्फ पडतो आणि बर्फावर मीठ, म्हणून सभासदांच्या नंबर प्लेटवरच महिने छापलेले असतात : एप्रिल ते ऑक्टोबर. एकतीस ऑक्टोबरनंतर गाडी रस्त्यावर दिसली की गुन्हा. मंडळाच्या पाहणीनुसार दर सभासद वर्षाला सरासरी एकसष्ट तास गाडीची हिवाळी तयारी करण्यात, चव्वेचाळीस तास ती तयारी उतरवण्यात आणि एकोणीस तास गाडी चालवण्यात घालवतो. (यांतले सहा तास पेट्रोल पंपावर जाऊन येण्याचे, कारण टाकी काठोकाठ भरून ठेवली नाही तर आतून गंज धरतो.) अध्यक्ष बुर्खार्ड श्टेल्त्सर यांची तयारी तर एके वर्षी इतकी परिपूर्ण झाली की ती मोडायचं त्यांच्या जिवावर आलं. त्यांची गाडी चौदा वर्षं झाकलेली आहे. त्यांना मंडळाचं रौप्यपदक मिळालेलं आहे.

माझा शेजारी ओटमार कीन्ले याला हे पदक मिळणार, याबद्दल दुमत नव्हतं. नगरपालिकेच्या पाणी खात्यातून निवृत्त झाल्यावर त्याने बायकोला समुद्र दाखवायचा म्हणून गाडी घेतली, त्याला आठ वर्षं झाली. समुद्र जागेवरच होता. गाडीही जागेवरच होती.

ओटमारची तयारी सप्टेंबरअखेर सुरू होई. गाडी धुवायची, दाताच्या डॉक्टरच्या निष्ठेने पुसायची. इंजिनचं तेल बदलायचं. चेन साफ करून तिला वंगण द्यायचं. चाकांत हवा थोडी जास्त भरून गाडी स्टँडवर उचलायची, म्हणजे टायर एकाच जागी दबत नाहीत. उंदीर शिरू नयेत म्हणून सायलेन्सरच्या तोंडात फडकं कोंबायचं. शेवटी बॅटरी काढून घरातल्या सर्वांत उबदार खोलीत चार्जरला लावायची. कीन्ल्यांच्या घरात ती खोली म्हणजे शयनगृह. त्यामुळे बॅटरी ओटमारच्या उशाशी असे आणि तिचा हिरवा दिवा पाच महिने गेरलिंडेच्या तोंडावर.

गेरलिंडे म्हणजे त्याची बायको. सव्वीस वर्षं ती विवाह नोंदणी कार्यालयात होती. अर्ध्या गावाची लग्नं तिच्या सहीने झाली आहेत. (मोडली ती दुसऱ्या खिडकीवर.) गेल्या वर्षी तिचा उजवा खुबा पार झिजला. ऑपरेशनची तारीख जानेवारीतली मिळाली. त्यानंतर मोटारसायकलवर पाय टाकता येईल का, असं तिने विचारलं, तेव्हा डॉक्टर खिडकीबाहेर बघत "बघू या" म्हणाले.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात अचानक स्वच्छ ऊन पडलं. मी कुंपणाशी पानं गोळा करत होतो, म्हणून पुढचं संभाषण मला ऐकावं लागलं. (मी जरा जवळ सरकलोही, पण ते पानांसाठी.)

"ओटमार, आठ दिवस ऊन आहे म्हणतात. चल ना, समुद्रावर जाऊन येऊ."

"आत्ता? अगं, कालच तेल बदललंय."

"मग बरंच की."

"बरं कसलं? हे झोपायचं तेल आहे. जुन्या तेलात आम्ल असतं, ते इंजिन आतून खातं. नव्या तेलात इंजिन शांत पडून राहतं. आता चालवलं की हेही तेल जुनं होणार."

"जानेवारीत माझं ऑपरेशन आहे, ओटमार."

"म्हणूनच म्हणतो, पुढच्या वर्षी निवांत जाऊ. गाडी अगदी नव्यासारखी असेल."

"आणि मी?"

ओटमार चेनला वंगण द्यायला खाली वाकला.

गुरुवारी सकाळी मंडळात ओटमारचं 'गाडीचे झाकण : श्वास घेणारे व न घेणारे' या विषयावर व्याख्यान होतं. माझी पाठ दुखत असल्यामुळे मी गेलो नव्हतो. दहाच्या सुमारास गेरलिंडे कुंपणाशी आली. अंगात कातडी जाकीट, हातात बॅटरी.

"चिटणीस, पाठ कशी आहे तुझी?"

"दुखतेय."

"मग दोन मिनिटं दुखू दे. गाडी स्टँडवरून उतरवायला हात लाव."

"गेरलिंडे, अगं तू चालवणार? ही?"

"माझं लायसन्स एकोणीसशे पंच्याऐंशीचं आहे. ओटमारचं त्याच्या निवृत्तीच्या वर्षीचं. आणि झिजलाय तो उजवा खुबा. गाडी पेलायला डावा पाय लागतो, तो भक्कम आहे."

मंडळाच्या घटनेत चिटणिसाने काय करावं हे सविस्तर दिलेलं आहे, पण हा प्रसंग त्यात नाही. मी हात लावला. तिने बॅटरी जागेवर बसवली, सायलेन्सरमधलं फडकं ओढून काढलं, नीट घडी करून माझ्या हातात दिलं आणि गाडी सुरू केली. गाडीवर चढताना तिचा चेहरा दुखण्याने पिळवटला होता. फाटकाबाहेर पडताना तो पाहिला तेव्हा मला वाटलं, ही सव्वीस वर्षं विवाह नोंदणीच्या खिडकीमागे बसलेली बाई नव्हेच.

दुपारी ओटमार परतला. रिकाम्या स्टँडपाशी बराच वेळ उभा राहिला. मग माझ्याकडे आला. फडकं अजून माझ्याच हातात होतं, त्यामुळे चौकशी लांबली नाही.

"ती मला विचारू शकली असती," तो म्हणाला.

"विचारलं होतं."

"कधी?"

"आठ वर्षं."

संध्याकाळी मंडळाची तातडीची सभा भरली. ठराव क्रमांक एक : घडल्या प्रकाराबद्दल मंडळ तीव्र खेद व्यक्त करत आहे. ठराव क्रमांक दोन : सदर गाडी परत येईपर्यंत ती हिवाळी तयारीतच आहे असे समजण्यात यावे. दोन्ही सर्वानुमते.

तिसऱ्या दिवशी गेरलिंडेचा फोटो आला. इटलीतलं ग्रादो. मागे निळाशार समुद्र, पुढे गाडी, गाडीला टेकलेली हसणारी बायको. ओटमारने तो बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला. "चेनला वाळू लागलीय," तो म्हणाला. पण हे म्हणताना त्याचं बोट चेनवर नव्हतं, तिच्या चेहऱ्यावर होतं. दुसऱ्या दिवशी तो रेल्वेने निघाला. बॅगेत चार्जर, हवा मोजायचं यंत्र, तीन मऊ फडकी, झाकण आणि चेनचा ब्रश. (दातांचा राहिला.)

पुढचं मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं, आणि ते जुळतं, म्हणून खरं असावं. गेरलिंडे धक्क्यावर बसून तळलेले मासे खात होती. ओटमार तिला ओलांडून गेला आणि गाडीपाशी गुडघ्यावर बसला.

"मी इकडे आहे," ती म्हणाली.

"इंजिन गरम आहे."

"आत्ताच आलेय फिरून. बस."

"कुठे?"

"मागे."

ओटमार आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या गाडीवर मागे बसला. दहाव्या मिनिटाला त्याने तिच्या हेल्मेटवर टकटक केलं. "अगं, ही सीट आहे की फळी? आठ वर्षांत तू कधी बोलली नाहीस!"

"बसलेच किती वेळा? चार. दोघांच्या वजनाने मागचा टायर झिजतो म्हणालास."

त्यावर, गेरलिंडे सांगते, त्याने तिच्या कमरेला धरलं. उजवा खुबा सोडून.

ते तिथे पंधरा दिवस फिरले. त्या गडबडीत ऑक्टोबर संपला. आता गाडी रस्त्यावर आणणं बेकायदा होतं. दुईलिओ नावाच्या कोळ्याने आपली जाळ्यांची खोली देऊ केली. ओटमारने लगेच जास्तीचं स्टँड, उंदरांचा बंदोबस्त, हवेतला दमटपणा यांची चौकशी मांडली. दुईलिओने त्याचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"गाडीच आहे ना? लाव भिंतीला."

अर्धी टाकी, खारी चेन, बॅटरी जागेवर, वर ओली जाळी. अशा स्थितीत ती गाडी पाच महिने उभी होती. मंडळाने तिच्यासाठी दोन मिनिटं मौन पाळलं.

जानेवारीत ऑपरेशन झालं. ओटमार रोज दवाखान्यात जाई आणि नव्या खुब्याबद्दल इतके बारीक प्रश्न विचारी, की त्याला वंगण कोणतं चालतं हे शेवटी डॉक्टरांनाच लिहून द्यावं लागलं. ("चालणं. रोज.") हा कागद त्याने पाकिटात ठेवला आहे. एप्रिलमध्ये दोघं ग्रादोला गेली. सीटवर चिमणीने घरटं मांडायला घेतलं होतं. ओटमारने ते उचलून खिडकीत ठेवलं, देव आठवला आणि बटण दाबलं.

मंडळाचं इतिवृत्त सांगतं : 'इंजिन दुसऱ्या सेकंदाला सुरू झाले. गाडीच्या या बेजबाबदार वर्तनाचा मंडळ निषेध करत आहे.' अध्यक्षांनी त्या दिवशी पहिल्यांदा आपल्या गाडीचं झाकण एका कोपऱ्यातून वर केलं, आत पाहिलं आणि पुन्हा खाली सोडलं.

कीन्ले दांपत्य अजून परतलेलं नाही. मागच्या महिन्यात ती दोघं अल्बानियात होती. चालवतं कोण, असं मी विचारलं, तेव्हा उत्तर आलं, "आलटूनपालटून. मागच्या सीटवर आता उशी आहे." ओटमारचं पदक अर्थातच रद्द झालं.

त्याच्या जागी मंडळाला एक सभासद हवा होता, म्हणून आम्ही परदेशातूनही अर्ज मागवले. गाडीची अट काढून टाकली. अर्जात एकच प्रश्न ठेवला : आपण काय जपून ठेवले आहे आणि कशासाठी? आठवड्याभरात एकट्या महाराष्ट्रातून नऊशे बारा अर्ज आले. कुणी पाहुण्यांसाठी काचेचे कप ठेवलेत, कुणी मुलांचं मार्गी लागल्यावर वाजवायला शिकायची पेटी, कुणी नवऱ्याशी बोलायचं एक वाक्य. एवढी तयारी, आणि तीही बर्फ न पडणाऱ्या प्रदेशात, पाहून अध्यक्षांच्या डोळ्यांत पाणी आलं.

तुमचा अर्ज अजून आलेला नाही. म्हणून तो मीच भरून ठेवला आहे. तुमची माहिती मला होतीच. फक्त सही राहिली आहे. घाई नाही. निवृत्तीनंतर केलीत तरी चालेल.