कुठला डाग ठेवायचाय का?

माझा भागीदार वसंता गावडे गिऱ्हाइकाच्या घरात शिरला की आधी सोफ्यावर तळहात ठेवायचा. मग डोळे मिटायचा. आणि घरमालकाने पाणी हवंय का विचारायच्या आत स्वतःच विचारायचा, "ह्यातला कुठला डाग ठेवायचाय का?"

माणसं गोंधळायची. आम्ही सोफे आणि गादीच्या खुर्च्या धुणारे, आम्हाला बोलावतात ते डाग काढायला. धोब्याने मळ ठेवू का विचारावं, तसलाच प्रकार. घाटकोपरचे एक शेठ तर म्हणाले, "भाई, दाग निकालने को बुलाया है, पालने को नहीं." मी घाईघाईने हसून वेळ मारून न्यायचो आणि खाली आल्यावर वसंताला झापायचो. "अरे, एक दिवस गिऱ्हाईक हाकलून देईल आपल्याला." तो मशीनचा पाइप गुंडाळत म्हणायचा, "देऊ दे. विचारूक नको?" की संपलं.

आम्ही दोघं पूर्वी विमानतळाजवळच्या एका हॉटेलात हाउसकीपिंगला होतो. तिथून सुटलो आणि मरोळला अर्धा गाळा घेऊन हा धंदा सुरू केला. गिऱ्हाईक पटवायचं काम माझं, डागाशी बोलायचं त्याचं. वसंता कणकवलीकडचा, सहा फूट उंच, आणि डागांच्या बाबतीत ज्योतिष्याच्या वरताण. सोफ्याच्या पाठीवर डोकं टेकून टेकून तेलाचा जो पट्टा पडतो, त्याला तो 'माथ्याचा डाग' म्हणायचा. तो बघून माणसाची उंची सांगायचा. "इथे साहेब बसतात, पाच आठ. इथे आजी. आणि ह्या कोपऱ्यात कोण पाय वर घेऊन बसतं ते मी सांगत नाही, घरात भांडणं नकोत." साहेब चकित व्हायचे, आणि कोपऱ्यात बसणारी सूनबाई चहा आणायला आत जायची.

मशीन विकत घ्यायचं म्हणजे तर त्याच्या लेखी मुलगी बघायचा कार्यक्रम. आमचं मशीन साधं असतं. एका टाकीतलं पाणी कापडात मारायचं आणि मळासकट दुसऱ्या टाकीत ओढून घ्यायचं. पण वसंताच्या कसोट्या ऐका. अंधेरीच्या दुकानात गेल्यावर त्याचा पहिला प्रश्न, "जिना कुठे आहे?" मग मशीन उचलून चौथ्या मजल्यापर्यंत न्यायचं आणि खाली आणायचं. आमची निम्मी गिऱ्हाइकं बिनलिफ्टच्या बिल्डिंगीत, तेव्हा तसं त्याचं बरोबर होतं. पण एकदा दुकानदाराला वाटलं हा मशीन घेऊन पळाला, आणि तो वॉचमनला घेऊन मागे धावला. वसंता तिसऱ्या मजल्यावर मशीनवर बसून दम खात होता. वॉचमनला म्हणाला, "जड आहे. नको."

दुसरी कसोटी, मळक्या पाण्याच्या टाकीत कोपरापर्यंत हात गेला पाहिजे. नाही गेला तर टाकी घासता येणार नाही, आणि महिन्याभरात मशीनला वास मारेल. तिसरी, नोझलची. पाणी ओढणारं हे हातातलं तोंड चार बोटं रुंद हवं, आणि वरून पारदर्शक हवं, म्हणजे येणारं पाणी दिसतं. ते तो स्वतःच्या गालाला लावून मशीन चालू करायचा. "माका ओरखडलं तर मखमलीक पण ओरखडतला." गालावर लाल गोल घेऊन तो पुढच्या दुकानात शिरायचा आणि मी रस्त्याच्या पलीकडून चालायचो.

आणि या सगळ्यावर त्याचं ठरलेलं वाक्य. "पाणी घालूक अक्कल लागना नाय, काढूक लागता." काम संपलं की टाकीतलं काळं पाणी तो बादलीत ओतून गिऱ्हाइकाला दाखवायचा. "घ्या, तुमची पाच वर्षं." लोक नाक मुरडायचे, पण बघायचे.

मुलुंडच्या एका निवृत्त बाईंनी मात्र त्याच्या त्या प्रश्नाला एकदा उत्तर दिलं होतं. त्या म्हणाल्या, "हाताजवळचा तो शाईचा ठेवा. नातीने पाडलाय. ती आता लांब असते." वसंताने त्या डागाभोवती टेप लावून बाकीचा सोफा धुतला. मी मनात म्हटलं, चला, तेवढी मेहनत वाचली. माझी समज तेव्हा तेवढीच होती.

मागच्या वर्षी मला गरम पाण्याचं नवीन मशीन घ्यायचं होतं. एका व्यापाऱ्याने आठवडाभर वापरून बघायला दिलं. जिना पास झाला, हात आत गेला, गालही शाबूत राहिला. तरी वसंता अडला. प्रेशर जास्त आहे, आतला फोम भिजेल, गरम पाण्याने डाग पक्का होईल. मी वैतागलो. "अरे, सगळी अंधेरी गरम पाण्यावर गेली, आपण काय भिजत घोंगडं घेऊन बसायचं?" तो म्हणाला, "आधी एखादो जुनो डाग काढून दाखय, मगे बोल." आणि दुसऱ्या दिवशी गावच्या घराची कौलं चाळायला निघून गेला. जाताना घराची किल्ली मला दिली. गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायला.

त्याचं घर मरोळलाच, दुसऱ्या मजल्यावर. शालिनीवहिनी गेल्यापासून तिथे तो एकटाच होता. कुंड्यांना पाणी घालून वळलो आणि मला खिडकीजवळची खुर्ची दिसली. मोहरीच्या रंगाची, गुबगुबीत, जुनी. पाठीला माथ्याचा डाग, तळहाताएवढा, काळपट तपकिरी. सगळ्या उपनगरांचे सोफे धुणाऱ्या माणसाच्या घरातली खुर्ची अशी. मला हसू आलं. डाग काढून दाखव म्हणतोस ना? घे, तुझ्याच घरातला.

डाग बराच खाली होता. हे मला दिसलं. सहा फुटी माणसाचं डोकं तिथे टेकत नाही, हेही त्यानेच शिकवलेलं. पण मला त्या दिवशी फक्त जिंकायचं होतं.

मशीन घेऊन आलो. आधीचा फोटो काढला. औषध मारलं, मऊ ब्रश फिरवला, प्रेशर कमी केलं, अगदी वसंताच्या पद्धतीने. नोझलमधून आधी चहासारखं पाणी आलं, मग फिकट, मग स्वच्छ. वाफेबरोबर माक्याच्या तेलाचा वास आला. क्षणभर ओळखीचा वाटला. मशीन चालू होतं, मी पुढे गेलो. नंतरचा फोटो काढला, टाकी मोरीत ओतली, पंखा लावून खुर्ची वाळवली. इतकं चांगलं काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

तो आला त्या दिवशी मी मुद्दाम त्याच्या घरी जाऊन बसलो. पिशवीत माझ्यासाठी कोकमं होती. ती माझ्या हातात देता देता त्याला खुर्ची दिसली. तो जवळ गेला. सवयीप्रमाणे तळहात ठेवला, डोळे मिटले. नेहमीपेक्षा बराच वेळ. मी दात काढून उभा होतो, शाबासकीची वाट बघत.

"सुकली बरी," तो म्हणाला. "फोम भिजूक नाय."

"बोललो होतो ना."

"पाणी खंय ओतलंस?"

"मोरीत. अजून कुठे?"

तो मोरीत गेला. नळाचा आवाज नाही, बादलीचा नाही. नुसता उभा होता. आणि तेव्हा मला तो वास कुठला ते आठवलं. वहिनी दर रविवारी न्हाऊन झाल्या की केसांना माका लावायच्या आणि त्या खुर्चीत मान मागे टाकून बसायच्या. पाच फुटांना दोन इंच कमी. मी गेलो की तिथूनच म्हणायच्या, "मिलिंदभावजी, चहा टाकते, पण पाच मिनिटं थांबा." शंभर वेळा मी त्यांना तिथे बघितलं होतं. आणि गिऱ्हाइकांना तो वेडगळ प्रश्न विचारायला वसंताने कधी सुरुवात केली, तेही मला तिथे उभ्या उभ्या कळलं. त्या गेल्या त्यानंतर.

तो बाहेर आला. तोंड धुतलेलं नव्हतं, पण पंच्याने पुसत होता. मी म्हटलं, "वसंता, माझ्या लक्षातच..." त्याने हात वर केला. "मशीन बरा आसा," तो म्हणाला. "घेवया."

मशीन घेतलं. धंदा वाढला. त्यानंतर वसंताने एकाही गिऱ्हाइकाला तो प्रश्न विचारला नाही. आता मी विचारतो. लोक मला हसतात, आणि तो खाली बसून पाइप जोडत राहतो, मान वर करत नाही. मला आजही त्याची माफी नीट मागता आलेली नाही. लाज वाटते.

त्या दिवशी मी निघालो तेव्हा तो दारापर्यंत आला होता. मी चपला घालत होतो.

"मिल्या, तू फोटो काढतस ना, आधीचो आणि नंतरचो?"

"काढलेत."

"आधीचो तेवढो माका धाड," तो म्हणाला. "नंतरचो नको."