बायकोच्या हातातले राजे

यंदाची दहा दिवसांची रजा कुठे घालवायची हे भांडून नाही, पोकर खेळून ठरवायचं, ही कल्पना माझी. (आमच्या घरातली बहुतेक नुकसानं या शेवटच्या तीन शब्दांनीच सुरू होतात.)

मला ती रजा घरी, आडवं पडून काढायची होती. बायकोला तिच्या ताईकडे जायचं होतं. ताईंबद्दल माझी काडीची तक्रार नाही. पण ताईंचे यजमान, म्हणजे माझे साडू, शाळेत कवायत शिकवतात आणि घरी आलेल्या पाहुण्यालाही पहाटे साडेपाचला शिट्टी फुंकून उठवतात. गेल्या वर्षी त्यांनी मला गच्चीवर दोरीच्या उड्या मारायला लावल्या. मी सहा मारल्या. पुढचे चार दिवस मी जिना बसून उतरत होतो.

"मला कुठे येतं ते पोकर?" बायको म्हणाली.

"सोपं आहे गं. दोघांना दोन-दोन पत्ते झाकून. मधे पाच उघडे. आपले दोन आणि मधले पाच मिळून ज्याचा जोर जास्त, तो जिंकला. मधेमधे पैसे लावायचे; समोरच्याइतके लावायची छाती नसेल, तर पत्ते टाकून हार मानायची."

मी विमा कंपनीच्या आकडेवारी विभागात आहे. कोण साधारण किती जगेल हेदेखील आम्ही कागदावर काढतो, तिथे बायकोच्या हातातले दोन पत्ते ते काय! ती बिचारी नोंदणी कचेरीत खिडकीवर बसते. तिला शक्यतांचं शास्त्र कुठून कळणार?

रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर बसलो. पैशांऐवजी शिवणाच्या डब्यातली बटणं घेतली. मी कागद-पेन्सिलही घेतली.

"हे कशाला?"

"समोरच्याकडे काय असेल याचा अंदाज बांधायला. शास्त्र असतं त्याचं."

"बरं," ती म्हणाली. (या 'बरं'ला मी वीस वर्षं घाबरत आलोय. नेमका त्या दिवशी विसरलो.)

तासाभराने दोघांची बटणं सारखीच उरली. ठरलं, आता शेवटचा डाव, जिंकेल त्याची रजा. मी पत्ते उचलले, तर दोन राण्या! इतका आनंद झाला की मला ठसका लागला. मधे तीन पत्ते उघडले: राजा, नव्वी, छक्की. राजा बघून मी पेन्सिल उचलली. तिच्याकडे आणखी एक राजा असला, तर राजांची जोडी होऊन माझ्या राण्या गेल्या कामातून.

मी भराभर लिहायला घेतलं. आभाळ निरभ्र असतानाही छत्री घेऊन निघणारी ही बाई, हातात काही नसताना बटणं लावेल होय? म्हणून फडतूस पत्ते सगळे खोडले. राजांचे आकडे ठळक मांडले. तेवढ्यात मधे आणखी चौकी आणि दुर्री आली. बायकोने आपली बटणं रंगवार लावली आणि सगळीच्या सगळी पुढे सरकवली.

"एवढी?"

"सगळी."

मी बेरीज केली. मला हरवतील असे पत्ते तिच्याकडे असण्याचे प्रकार बावन्न. मी जिंकेन असे बेचाळीस. दोनदा तपासलं. तिच्याकडे राजा असणार, यात शंकाच नव्हती. जड मनाने, पण ताठ मानेने मी पत्ते टाकले.

बायकोने आपले पत्ते उलटले. सत्ती आणि तिर्री. कशाचा कशाला मेळ नाही!

"अगं, मग एवढी बटणं लावलीस कशाच्या जोरावर?"

"तुमच्या कागदाच्या. बावीस वर्षं लोक माझ्यासमोर फॉर्म भरतायत. मला सुलट्यापेक्षा उलटं लवकर वाचता येतं. 'माझ्याकडे: राणी, राणी' असं स्वच्छ अक्षरात लिहिलं होतंत."

"पण मी डाव सोडीन, हे तुला काय माहीत?"

"तुम्ही राजे चार धरलेत ना! अहो, एक तर टेबलावर उताणा पडला होता. तो माझ्या हातात कसा येईल?"

मी कागद ओढून पुन्हा मांडणी केली. तीन राजे धरले की बावन्नचे एकोणचाळीस होत होते, माझ्या बेचाळीसपेक्षा कमी. म्हणजे शास्त्र माझ्याच बाजूचं होतं, आणि दहा दिवसांची झोपही माझीच होती.

"चूक दिसली होती, तर सांगायचं नाही का?" मी ओरडलो.

"चुका मी खिडकीवर सांगते," बटणं डब्यात भरत ती म्हणाली. "आज रविवार आहे."