नमुना क्रमांक ४१७

वामनरावांनी तंबाखू ओठाखाली धरली आणि काहीतरी चुकलंय हे त्यांना लगेच कळलं. चुना चावला नाही. बत्तीस वर्षं जेवणानंतर जो चुना इमानेइतबारे चावत आला, तो आज नुसता गप्प बसून होता.

त्यांनी खिशातून पांढरी प्लास्टिकची डबी काढली, उलटी केली. बुडाशी काळ्या पेनानं, त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं : ४१७.

हिंगण्याच्या त्या प्रयोगशाळेत वामनराव सगळ्यात जुने केमिस्ट. कशात किती लोखंड, कशात किती शिसं, हे आम्लात विरघळवून शोधायचं, हे त्यांचं काम. नमुना कुणाचा ते मात्र केमिस्टला कळू द्यायचं नाही. नाव प्रयोगशाळेच्या प्रमुख रितिका मॅडमच्या कुलुपात, टेबलावर फक्त नंबर. ओळखीच्या पार्टीचं कुणी भलं करू नये म्हणून हा नियम वामनरावांनीच हट्टानं करून घेतला होता. आता तो करून घेणाऱ्याच्या कानाखाली दोन द्याव्यात असं त्यांना वाटत होतं.

सकाळी नमुने मांडताना आपली चुन्याची डबी त्यांनी टेबलावर ठेवली होती. उचलताना शेजारची उचलली. आपली कुठे गेली याचा विचार करायची ही वेळ नव्हती, आता आपण कुठे जाणार हा प्रश्न होता.

त्यांनी सात वेळा चूळ भरली आणि रजिस्टर उघडलं. '४१७ : पांढरा लगदा. शिसे, आर्सेनिक, पारा तपासणे.' आता उगाच हौस म्हणून कुणी आर्सेनिक शोधायला लावत नाही. मागच्याच आठवड्यात ३९० नंबरला मेलेल्या म्हशीच्या पोटातला चारा आला होता. वामनरावांना ती म्हैस आठवली.

सांगायची सोय नव्हती. समोरच पाटी होती : 'प्रयोगशाळेत तंबाखू खाणाऱ्यास त्याच दिवशी कायमचे घरी पाठवले जाईल.' रिटायर व्हायला आठ महिने राहिलेले. मग आपल्या मरणाची तपासणी आपणच करावी, असं त्यांनी ठरवलं.

डबीतला लगदा त्यांनी अंगठ्याच्या नखानं उकरला, रोज उकरायचे तसाच, आणि काचेच्या नळीत टाकून वर आम्ल ओतलं. बुडबुडे आले. म्हणजे कार्बोनेट. तसा साधा खडूही कार्बोनेटच, पण जुन्या रंगातला सफेदाही कार्बोनेट, आणि सफेदा म्हणजे निव्वळ शिसं. भ्यालेल्या माणसाला खडूचा काय आधार? त्यांनी आयोडाइडचे थेंब टाकले. शिसं असलं तर पिवळं होतं, हे त्यांनी कितीतरी नव्या केमिस्टांना शिकवलं होतं.

नळी पिवळी झाली.

वामनराव स्टुलावर बसले. मग कँटीनमध्ये जाऊन तीन ग्लास दूध प्यायले, आणि तिथूनच घरी फोन लावला.

"इंदू, माह्या पॉलिसीचे कागद कुठं हायेत वं?"

"काहून जी? कुठं जाऊन राहिले तुम्ही?"

"कुठं नाही. सहज. काढून ठेव वरच."

"सहज कोणी पॉलिसी मागते का? तब्येत बरी हाये ना? अन् आवाज असा काहून येऊन राहिला?"

"दूध पेलो."

"दूध? तुम्ही?" इंदुताई आता खरंच घाबरल्या. त्यांच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली होती आणि वामनरावांनी दुधाला कधी तोंड लावलं नव्हतं.

चारपर्यंत त्यांनी कळ काढली. हात गार पडले, जीभ जड झाली, डाव्या कानात काहीतरी वाजायला लागलं. नोकरीपेक्षा जीव मोठा, असं म्हणत ते अखेर मॅडमच्या केबिनमध्ये शिरले. तिथे ज्युनियर केमिस्ट उन्नती कागद घेऊन उभी होती.

"बरं झालं सर, तुम्ही आले," ती म्हणाली. "चारशे सतराचा रिपोर्ट पाहा. शिसं मर्यादेच्या बावीस पट. मी तीनदा करून पाहिलं."

वामनरावांनी टेबलाचा कोपरा धरला. "मॅडम, मले मेडिकलच्या दवाखान्यात न्या. मी चारशे सतरा खाल्लं."

"काय खाल्लं?"

त्यांनी डबी टेबलावर ठेवली आणि तंबाखूसकट सगळं सांगून टाकलं. मॅडमनी डबी उलटून नंबर वाचला, कुलूप उघडून यादी पाहिली, आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"वामनराव, हा लहान मुलांच्या टूथपेस्टचा लगदा आहे. वास, गोडवा काही घालायच्या आधीचा. गिळला तरी काही होऊ नये म्हणूनच तपासायला पाठवलाय. हा तर खडू आहे."

"पण मी टेस्ट केली मॅडम. पिवळं आलं."

उन्नतीनं त्यांच्या अंगठ्याकडे पाहिलं. "सर, नखाले डब्यातल्या झुणक्याची हळद लागून हाये तुमच्या."

वामनरावांना अंगातलं सगळं ओझं उतरल्यासारखं झालं. आपण वाचलो, या आनंदात नोकरीचंही भय त्यांना वाटेना. ते हसलेसुद्धा. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्या उन्नतीकडे वळल्या.

"चारशे सतरा यांच्या खिशात होता. मग तू दिवसभर काय तपासलंस?"

"चारशे सोळा अन् अठराच्या मधात होती ती डबी, मॅडम. नंबर नव्हता, तर मीच टाकला." तिनं आत जाऊन डबी आणली. तशीच पांढरी, अर्धी रिकामी, कडेला तंबाखूची पूड चिकटलेली. तिनं ती नाकाशी धरली आणि तोंड वाकडं केलं. "बावीस पट शिसं. कोण खात असंल हो सर हे?"

वामनरावांनी डबी ओळखली. त्यांचं हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं.

"मी," ते म्हणाले. "बत्तीस वर्षांपासून."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

"सापडले जी कागद," इंदुताई म्हणाल्या. "आता बरं वाटून राहिलं ना? देऊ परत पेटीत ठेवून?"

वामनरावांनी रिपोर्टवरचा आकडा पुन्हा एकदा वाचला.

"नको," ते म्हणाले. "राहू दे वरच."