डेफिनेटली श्रेणीतला पंपवाला

पाणीपुरवठा खात्यात कायम नोकरी मागणाऱ्या कंत्राटी माणसाला दर वर्षी एका ओळीचं उत्तर मिळतं. उत्तर इंग्रजीत असतं, कारण आपल्या भाषेतला नकार लगेच कळतो. ‘यू विल गेट अ चान्स’ ही ओळ कधी बदलत नाही. बदलतो तो फक्त तिच्या पोटात बसवलेला एक शब्द. आधी ‘पॉसिबली’. मग ‘प्रॉबेबली’, ‘शुअरली’, ‘सर्टनली’. सगळ्यात वर ‘डेफिनेटली’. कुणाला कुठला शब्द द्यायचा हे ठरवायला खात्यात स्वतंत्र संधी कक्ष आहे. त्यात सात माणसं आहेत आणि सातही कायम आहेत.

पंपवाल्याला बाराव्या वर्षी ‘डेफिनेटली’ मिळालं. कक्षाच्या दालनात छोटा समारंभ झाला, फोटो निघाला, टाळ्या पडल्या. हजेरी मात्र रोजाचीच राहिली. पण आता कॅन्टीनमध्ये त्याला पंख्याखालचं बाक होतं. पॉसिबलीवाले उभ्यानेच चहा पीत. व्हॉल्व्ह विभागात असलेला त्याचा मेहुणा अजून प्रॉबेबलीत अडकला होता. तो आता दाजींसाठी स्वतः खुर्ची ओढू लागला.

पंपवाल्याने पत्राला प्लास्टिक चढवून आणलं आणि घरी टेबलावर ठेवलं.

“काय पडलं हातात?” बायकोने विचारलं.

“डेफिनेटली.”

“बरं झालं. उद्या डब्यात तेच घालून देते.”

कॉलेजात जाणाऱ्या मुलीने पत्र उलटसुलट करून पाहिलं. “बाबा, हा शब्द काढला तरी वाक्य आहे तेवढंच राहतं.”

“तुला नाही कळायचं,” पंपवाला म्हणाला. “तो चढायला बारा वर्षं लागतात.”

तेवढ्यात पंपघरातले कायम असलेले थोरले पंपवाले निवृत्त झाले. म्हणजे जागा खरोखर रिकामी झाली. थोरल्यांनी गेली कित्येक वर्षं पंपाला हातही लावला नव्हता. मोटरचा आवाज ऐकून बेअरिंगचं दुखणं ओळखायचा तो आपला पंपवालाच. कायम होण्याची वयोमर्यादा पंचेचाळीस, आणि त्याच्या पंचेचाळिशीला तेवीस दिवस उरले होते. तो पत्र घेऊन संधी अधिकारी बाईंपुढे उभा राहिला.

“मॅडम, जागा रिकामी आहे. काम मीच करतोय. शिवाय माझं डेफिनेटली आहे.”

“तीच तर अडचण आहे ना!” बाई कळवळून म्हणाल्या. “ही जागा आत्ताची आहे. तुम्हाला संधी पुढे मिळणार, असं खात्याने लेखी दिलंय. आत्ता दिली तर आमचं पत्र खोटं पडेल.”

“मग पत्र परत घ्या.”

“घेऊ की. पण असं एकदम नाही घेता येत. ज्या पायऱ्यांनी वर गेलात, त्याच पायऱ्यांनी खाली यायचं. पुढच्या वर्षी सर्टनली, मग शुअरली... पॉसिबलीच्या खाली उतरलात की मोकळे. वर्षाला एक पायरी.”

“पाच वर्षं? माझ्याकडे तेवीस दिवस आहेत!”

“बघा, चढायला बारा लागली, उतरायला पाचच. आणि लोक म्हणतात, खातं वेळ लावतं.”

“मग ही जागा कुणाला जाणार?”

“ज्याला खात्याने कधीच काही आश्वासन दिलेलं नाही, अशा माणसाला. नियमच आहे तसा. एकच अर्ज बसतोय त्यात.”

तो अर्ज मोठ्या साहेबांच्या भाच्याचा होता. भाच्याने उभ्या आयुष्यात खात्याकडे काही मागितलं नव्हतं, त्यामुळे त्याची पाटी स्वच्छ होती. तो आठवड्याभरात कायम झाला.

कायम होण्याचं वय उलटलेल्या माणसाला खातं कंत्राटावरही ठेवत नाही, म्हणून पंचेचाळिसाव्या वाढदिवशी पंपवाल्याचा गेटपास संपला. किल्ल्या हवाली करताना त्याने भाच्याला सांगितलं, “एक लक्षात ठेव बाळा. पंप बंद पडला, तर परत सुरू करण्याआधी त्यात दोन बादल्या पाणी ओतून हवा काढायची. नाहीतर तो नुसता फिरतो, पाणी उचलत नाही.”

“पुस्तकात असेलच की ते,” भाचा म्हणाला आणि त्याने मोबाइलवरून डोळे उचलले नाहीत.

घरी खात्याचं शेवटचं पत्र येऊन पडलं होतं. मुलीने ते वाचून दाखवलं. ‘यू डेफिनेटली हॅड अ चान्स.’ तुम्हाला संधी नक्कीच होती.

“शब्द तेवढा ठेवलाय त्यांनी,” ती म्हणाली.

बायकोने टेबलावरचं प्लास्टिकचं पत्र उचललं आणि गरम पातेल्याखाली सरकवलं.

तिसऱ्या दिवशी वीज गेली आणि आली. पंप बंद पडला, भाच्याने बटण दाबलं, मोटर झकास घुमू लागली आणि गावाचे नळ कोरडे पडले. मोठे साहेब स्वतः येऊन आवाज ऐकून गेले. त्यांनी अहवालात लिहिलं की पंप उत्तम चालू आहे, दोष असलाच तर पाण्यात आहे.

पंपवाल्याचं डोकं फिरलं होतं. मरू देत, असं तो दोनदा म्हणाला. मग म्हाताऱ्या शेजारीण मावशींना तिसऱ्या मजल्यावर घागर चढवताना त्याने पाहिलं आणि पायात चपला घालून पंपघराच्या फाटकावर गेला.

“आत सोड. दहा मिनिटांचं काम आहे.”

“पास?” ओळखीचा पहारेकरी खाली बघत म्हणाला. “संधी कक्षात अर्ज करा, दादा. माझी नोकरी जाईल.”

त्याने अर्ज केला. उत्तर त्याच दिवशी आलं, कारण तो आता नवा अर्जदार होता. आत जाण्याची संधी त्याला मिळणार होती. पॉसिबली.

पाचव्या दिवशी गावाने रिकाम्या बादल्या घेऊन कचेरीवर जायचं ठरवलं. चौकात तीनशे माणसं जमली. पंपवालाही बादली घेऊन त्यांच्यात उभा राहिला. इतक्यात खात्याची गाडी आली आणि प्रत्येक घराच्या नावाने एकेक पाकीट वाटलं गेलं. आत एकच ओळ होती. पाणी येईल. आणि तिच्या पोटात एक शब्द.

“आमचं सर्टनली आहे,” मास्तर मोठ्याने म्हणाले.

“वकीलसाहेबांचं डेफिनेटली आहे म्हणे!”

“असणारच. बंगला आहे त्यांचा.”

“आमच्या गल्लीला नुसतं प्रॉबेबली? आम्ही काय घोडं मारलंय कुणाचं? चला कचेरीवर! शुअरली घेतल्याशिवाय हटायचं नाही!”

बादल्या खाली ठेवल्या गेल्या, पत्रं वर उचलली गेली. पंपवाला गर्दीत घुसून ओरडत होता, “अहो, शब्द कसला मागताय! दोन बादल्या पाणी आणि दहा मिनिटं द्या. मला फाटकातून आत सोडा म्हणावं. सगळे चला माझ्याबरोबर!”

मास्तरांनी चष्मा वर केला. “तुम्हाला काय आलंय?”

“पॉसिबली.”

“मग मोठी माणसं बोलत असताना मध्ये पडू नका,” मास्तर म्हणाले, आणि आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या. मेहुण्यानेही डोलावली. त्याला त्याच सकाळी नोकरीचं शुअरली मिळालं होतं.

मोर्चा कचेरीवर गेला आणि जिंकून आला. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या प्रत्येक दारावर शुअरली चिकटलं होतं. नळ कोरडेच होते, पण आता त्याबद्दल तक्रार करणं कमीपणाचं वाटू लागलं होतं. तक्रार पॉसिबलीवाले करतात. पंपवाला दोन भरलेल्या बादल्या घेऊन रोज फाटकाशी उभा राहतो. पंप आत सुरेख घुमतो आहे.

आणि इथवर मजेने वाचत आलेले तुम्ही, तुमच्या कपाटातल्या फायलीतही प्लास्टिक चढवलेला असा एक कागद आहे. काढा बाहेर. कुणाकुणाला दाखवला होता, आठवा. शेजाऱ्यापेक्षा आपला शब्द एक पायरी वरचा निघाला म्हणून त्या रात्री किती गाढ झोपला होतात, तेही आठवा. आणि मग उठून जरा नळ सोडून बघा.