सातव्या वाटीतला चहा

"माझी जीभ एकदा बोलली, की बाकीच्यांनी नुसतं ऐकायचं!"

हे वाक्य काका दिवसातून तीनदा तरी म्हणायचे. सकाळी दुकान उघडताना, दुपारी गिऱ्हाइकासमोर आणि रात्री जेवताना काकूंसमोर. पहिल्या दोन वेळी लोक माना डोलवायचे. तिसऱ्या वेळी काकू म्हणायच्या, "बरं. मग आमटीत मीठ आहे का ते बोलू दे तिला."

काका म्हणजे सुट्ट्या पानांचा चहा विकणाऱ्या दुकानातले चव घेणारे काका. दुकान मोठ्या भावाचं. भाऊ थकला, आता पुतणी सगळं बघते. पण मागच्या खोलीतलं लांबलचक टेबल मात्र काकांचं! त्यावर ओळीने पांढऱ्या वाट्या मांडायच्या, चहा उतरवायचा, चमचाभर उचलून फुर्रर्र करून असा ओढायचा की बाहेर रस्त्यावरचा माणूस दचकावा, आणि मग डोळे मिटून निकाल द्यायचा. एकतीस वर्षं काका हेच करत होते आणि स्वतःवर बेहद्द खूश होते.

पुतणी तितकीशी खूश नव्हती.

"काका, राग मानू नका," ती एका रविवारी म्हणाली, "पण या टेबलाशी दिवसाला चार माणसं येतात. त्यातली दोन पत्ता विचारायला! मंगळवारी त्या नव्या हॉटेलच्या बाई चहा निवडायला येतायत. त्यांची ऑर्डर मिळाली तर टेबल राहील. नाहीतर पुढच्या महिन्यात इथे टी-बॅगांची कपाटं लावणार मी."

"टी-बॅग!" काका असे किंचाळले की जणू पुतणीने घरात साप पाळायचं ठरवलंय. "अगं, चिंधीत बांधलेला भुसा तो! माझ्या टेबलाच्या जागी?"

"ऑर्डर आणा, मग बोला."

"हातच्या काकणाला आरसा कशाला? मंगळवारी बघच!"

बघायची वेळ मंगळवारी सकाळी सहालाच आली. काका उठले आणि नाक बंद! एक नाकपुडी नाही, दोन्ही. काकूंनी नाकाखाली बामाची बाटली धरली, काका म्हणाले, "रिकामी आहे वाटतं." काकूंनी तोच बाम स्वतः हुंगला आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"अहो, फोन करून सांगा ना, सर्दी झालीय म्हणून. माणसाला होते सर्दी."

"माणसाला होत असेल! एकतीस वर्षांत मी दुकानात एकदाही शिंकलो नाही."

"हो ना. सगळ्या शिंका घरी आणता."

काका ऐकतात होय! नऊ वाजता दुकानात हजर. त्यांनी सहा चहा करून पाहिले: हिरवा, मोगऱ्याचा, संत्र्याच्या सालीचा, गुलाबाचा, धुरावर वाळवलेला आणि साधा काळा कडक. फुर्रर्र! काही नाही. पुन्हा फुर्रर्र! गरम पाणी. मोगरा गरम पाणी, गुलाब गरम पाणी, आणि तो धुराचा चहा, ज्याचा डबा उघडला की शेजारचा शिंपी आग लागली का ते बघायला येतो, तोही गरम पाणी! काका घाबरेघुबरे होऊन चमचा बुडवत होते, ओढत होते आणि शेजारच्या वाटीतल्या पाण्यात तो विसळत होते. असं चाळीस-पन्नास वेळा झालं. विसळायच्या पाण्याला हळूहळू छान फिकट सोनेरी रंग चढला. तिकडे बघायला काकांना सवड कुठे!

पण काका हार मानणारे नव्हते. झाकली मूठ सव्वा लाखाची! वाट्या मीच मांडणार, क्रम मला पाठ. वास कशाला हवा? क्रमाने बोलत जायचं, झालं! बाई यायच्या दहा मिनिटं आधी त्यांनी ताजे सहा चहा उतरवले, डावीकडून उजवीकडे फिकट ते गडद मांडले, वर झाकणं ठेवली आणि शेवटचा उपाय म्हणून वाफ घ्यायला मोरीत गेले.

तेवढ्यात पुतणी आली. तिला फोटो काढायचा होता. फोटोत गडद वाटी डावीकडे बरी दिसेल म्हणून तिने सगळी रांग उलटी केली. ते करताना चार काळ्या चहांची आपापसात अदलाबदल झाली. रंगाने ते चौघेही सख्खे भाऊ! आणि कडेला एक सोनेरी वाटी उघडी दिसली, तीही तिने रांगेच्या शेवटी बसवली. वर झाकण ठेवलं. विसळायला मोठ्या काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी आणून ठेवलं. पोर मोठी टापटिपीची!

काका टॉवेलने तोंड पुसत आले आणि बाईही आल्या. उंच, घाईतल्या, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसणाऱ्या.

काकांनी टेबलाकडे पाहिलं. रांग उलटी! ठीक आहे, आपणही उलटं बोलू. मग त्यांनी वाट्या मोजल्या. सात!

'अस्सं!' काका मनात म्हणाले. 'पोरीने माझी परीक्षा घ्यायला सातवा घुसवलाय! घे, घे परीक्षा!'

त्यांनी पहिलं झाकण उचललं. वाफेचा लोट उठला. "प्या बाई! लगेच प्या! वाफ गेली की चहा गेला!"

बाईंनी वाटी तोंडाला लावली आणि एकदम डोळे मोठे केले.

"कडक आहे ना?"

"फार," बाई कशाबशा म्हणाल्या.

दुसऱ्या वाटीला काकांनी धुराचा इतिहास सांगितला. वाटीत गुलाब होता. तिसऱ्या वाटीला ते गुलाबाविषयी बोलू लागले तेव्हा खोलीभर असा धूर पसरला होता की पुतणीने मागच्या मागे खिडकी उघडली.

"ही पाकळी बघा कशी अलगद येते," काका डोळे मिटून म्हणाले.

"मला जरा... जळल्यासारखं लागतंय," बाई म्हणाल्या.

काका चपापले. पण जीभ चालू होती. "लागणारच! भाजलेला गुलाब आहे तो!"

"भाजलेला?"

"मंद आचेवर! चारचौघांना कळत नाही. तुम्हाला कळलं, म्हणजे तुमची जीभ तयार आहे!"

बाई तोंडासमोर हाताने वारा घेऊ लागल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते बघून काका गहिवरले. "आलं ना डोळ्यांत पाणी? उत्तम चहाने येतंच!"

पुतणी बाईंच्या पाठीमागे उभी राहून नाकाला हात लावून खुणा करत होती. काकांना वाटलं, नाक पुसा म्हणतेय. त्यांनी ऐटीत नाक पुसलं आणि पुढे निघाले. संत्रं झालं, मोगरा झाला, हिरवा झाला. शेवटी सातवी वाटी. झाकण उचललं. वाफ नाही. काकांनी चमचा भरला, ओढला. अर्थातच काही कळलं नाही! आता आली का पंचाईत? इथे पाठ केलेलंही काही नव्हतं.

"हा चहा," काका सावकाश म्हणाले, "ओरडत नाही. यात सगळ्यांचं थोडं थोडं आहे, आणि कोणाचंच पुरतं नाही. हा समजूतदार चहा आहे, बाई. याच्याविषयी बोलू नये. प्यावा."

बाईंनी एक घोट घेतला. थांबल्या. दुसरा घेतला. तिसऱ्याला अर्धी वाटी संपली आणि बाईंचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा सैल झाला.

"आहाहा! हाच! आम्हाला हाच हवा. शुक्रवारी पुन्हा एकदा पिऊन बघते आणि ऑर्डर पक्की करून टाकते."

बाई गेल्या. काकांनी छाती अशी पुढे काढली की शर्टाचं बटण तुटायचं बाकी राहिलं.

"मानलं तुम्हाला, काका!" पुतणी म्हणाली. "पण तो सातवा कुठला चहा हो?"

"मला काय विचारतेस? तूच घुसवलास ना?"

"मी? मी कशाला घुसवेन? टेबलावर होता, मी रांगेत लावला!"

"अगं, मी सहाच केले!"

दोघं उरलेल्या अर्ध्या वाटीकडे बघत राहिले. पुतणीने चव घेतली. तिला काही बोध होईना. तेवढ्यात काकू काढ्याचा थर्मास घेऊन आल्या. काकांनी ती वाटी देवळातल्या तीर्थासारखी त्यांच्यापुढे धरली. "घे, तू सांग! हॉटेलच्या बाई वेड्या झाल्या याच्यापायी."

काकूंनी ओठ लावले आणि वाटी खाली ठेवली. "चमचे विसळलेलं पाणी आहे हे."

"काहीतरीच!"

"काहीतरीच काय? चाळीस वर्षं तुमच्याबरोबर संसार करतेय. घरीसुद्धा चमचा विसळता आणि पाणी तसंच कपात ठेवून जाता. दोनदा प्यायलेय मी चुकून!"

पुतणी स्टुलावर मटकन बसली. "संपलं! शुक्रवारी त्या बाईंना काय देऊ? चमचे?"

"शुक्रवारपर्यंत तीन दिवस आहेत," काका म्हणाले. "मी एकतीस वर्षं काय गवत उपटलंय का? करतो ना तो चहा!"

आणि काका भिडले! सहाही चहांचे तोळे-मासे मिसळ, उतरव, ओत, पुन्हा मिसळ. बुधवारी वीस वेळा. गुरुवारी दुपारी दाराला धक्का बसावा तसं नाक एकदम उघडलं, आणि काकांनी झाकून ठेवलेल्या त्या मूळ वाटीचा वास घेतला. शी! शिळा, पाणचट, कशाचाच पत्ता नसलेला वास! 'हे आपण त्या बाईंना समजूतदार म्हणून पाजलं?' काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग मात्र त्यांनी बाह्या सरसावल्या. त्या पाण्याची नक्कल सोडून दिली आणि त्याच सहा चहांतून एक असा चहा जमवला, की संध्याकाळी पुतणीने एक घोट घेतला आणि लगेच दुसरी वाटी पुढे केली. काका घरी गेले ते गाणं गुणगुणत.

शुक्रवारी बाई आल्या. काकांनी झाकण उचललं. वाफ बाईंच्या चष्म्यावर जमली.

"हा घ्या तुमचा सातवा!"

बाईंनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि वाटी खाली ठेवली. "नाही हो. हा तो नाही."

"नीट बघा. मोगरा मागून येतो—"

"हा तो नाही, काका. तो काही वेगळाच होता."

पुतणी भिंतीकडे बघू लागली. काकांनी तिच्याकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं. एकतीस वर्षांत वाट्या ठेवून ठेवून लाकडावर गोल डाग पडले होते. यांच्यावर टी-बॅगांची कपाटं उभी राहणार, या विचाराने त्यांनी एका डागावर हात ठेवला. पण खोटं बोलून टेबल राखायचं? ते काही त्यांच्याच्याने होईना.

"बाई, मला माफ करा," काका म्हणाले. "तो चहा नव्हताच."

आणि काका सुरू झाले! सर्दीपासून. बामाची बाटली, बंद नाक, पन्नास वेळा विसळलेला चमचा, फोटो, उलटी रांग, भाजलेला गुलाब. एक गोष्ट गाळली नाही, उलट दोन-चार घातल्या. पुतणी मध्ये पडायला गेली, तिला हाताने गप्प केलं. मोठ्या भावाने पहिल्या दिवशी हे टेबल कसं दिलं तेही सांगितलं, शिंपी कितीदा बादली घेऊन धावत आला तेही सांगितलं. "लाज वाटली म्हणून सर्दी लपवली, बाई. हे टेबल गेलं तर मी घरी बसून करू काय? बायकोची आमटी चाखू?"

बाई आधी चिडल्या, मग गालात हसू लागल्या, मग हनुवटीला हात लावून ऐकत बसल्या. ऐकता ऐकता त्यांचा हात सवयीने समोरच्या वाटीकडे गेला. एक घोट. दुसरा घोट. आणि बाई ताडकन उठल्या.

"अहो! हाच! हाच की तो!"

"कोण?" काका दचकले.

"सातवा! अगदी तोच! त्यापेक्षाही छान लागतोय!"

काकांना काही कळेना. पुतणीला कळलं. तिने वाटीला हात लावून पाहिला. "बाई, मघाशी हा फार गरम होता का हो?"

"गरम? अगं, चटका! त्या दिवशी सहा चहांनी माझी जीभ पोळली. जळका वास आला तर मला वाटलं, माझीच जीभ जळाली! तो सातवा तेवढा कोमट होता. मी काय चव बघणार? मी कॉफी पिणारी बाई. जिवंत परत जायला मिळालं म्हणून 'आहाहा' म्हटलं!"

एकतीस वर्षांची जीभ त्या दिवशी पहिल्यांदाच काही बोलली नाही.

बाईंनी तिथेच ऑर्डर पक्की केली. पुतणीने काकांकडे बघून टेबलावर दोनदा थाप मारली: राहिलं! काकांच्या अंगात पुन्हा वारं भरलं. बाई दारापर्यंत जाऊन वळल्या.

"आणि काका, आमच्या हॉटेलात रोज संध्याकाळी दोन तास याल का? चहाच्या वेळी तुम्ही पाहिजेच."

काकांनी कॉलर ताठ केली, पुतणीकडे एक विजयी कटाक्ष टाकला आणि म्हणाले, "येईन की! चव घ्यायला ना?"

"छे हो!" बाई म्हणाल्या. "लोकांशी बोलायला. तुमचं बोलणं संपेस्तोवर चहा बरोबर पिण्याजोगा होतो."